भाव पडेपर्यंत

"मामा, माझं ऐका, आत्ता घेऊ नका. आत्ता घेतला की फसलात म्हणून समजा," फोनवर रुद्रेश सांगत होता. "दिवाळीच्या सुमाराला नवा प्रोसेसर येतोय. तो आला की ह्याचा भाव असा कोसळतोय बघा!"

एसटीडीच्या काचेच्या खोक्यात वैजिनाथआप्पा घामाने निथळत होते. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"प्रोसेसर म्हंजी इंजिनच की रे त्याचं?"

"हां, इंजिनच समजा."

"मंग जुन्या इंजिनाची गाडी चालतीच की."

"चालतीय की मामा. पन तीच गाडी पुढं निम्म्यात मिळत असंल, तर आज कावून घ्यायची?"

आप्पांनी 'बरं' म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

रुद्रेश त्यांचा भाचा. पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानात होता, त्याला बाजाराची नाडी कळत होती. आणि आप्पा एकदा चांगलेच पोळले होते. परळीत स्टेशनजवळ त्यांचा टायपिंगचा क्लास. एके काळी मशीन मिळावं म्हणून पोरं पायरीवर ताटकळत बसायची. त्या भरात आप्पांनी एकदम कोरी करकरीत मशीनं घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत सगळं जग कॉम्प्युटरकडे वळलं. तीच मशीनं भंगारवाल्याने वजनावर नेली. तराजूत टाकताना एकाची घंटी वाजली होती. ती आप्पांच्या कानातून काही केल्या जात नव्हती.

लॅपटॉप हवा होता ईश्वरीला, त्यांच्या मुलीला. बी.कॉम. होऊन ती लातूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरवर हिशेब लिहायला शिकून आली होती. मोंढ्यातले, म्हणजे घाऊक बाजारातले, व्यापारी स्वतः कॉम्प्युटर घेणार नाहीत आणि वह्याही दुकानाबाहेर जाऊ देणार नाहीत, हे तिने हेरलं होतं. मग कॉम्प्युटरच काखेत मारून दुकानात जायचं, गादीच्या कडेला बसून हिशेब लिहायचे. खताचे व्यापारी बंकटशेठ तयारही झाले होते. त्यांचं बघून आणखी दोघं-तिघं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "काय म्हनला रुद्रेश?"

"दिवाळीपस्तर थांबा म्हनतोय."

"मोंढ्यातली लोकं थांबतेत का आप्पा दिवाळीपस्तर?"

"दोन-तीन म्हैन्यांचा तर सवाल हाय."



दिवाळीत भाव खरंच उतरला. पण तोवर रुद्रेशकडे नवी खबर होती. संक्रांतीनंतर आणखी एक प्रोसेसर येणार, तो भलताच जोरदार. आप्पा थांबले. खरं सांगायचं तर, त्यांना आता त्या थांबण्याची गोडी लागली होती. पुण्याच्या पेपरातली जाहिरात चष्मा लावून वाचायची, मागच्या महिन्याशी ताडून बघायची, आणि भाव उतरला की न घेताच काहीतरी कमावल्यासारखं वाटायचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाजार त्यांच्या बाजूने चालला होता.

जानेवारीत बंकटशेठनी त्यांना रस्त्यात हटकलं. "गुरुजी, पोरगी कवा येनार हो? अंबाजोगाईचा धर्मराज म्हनून एक मानूस येऊन गेलाय. त्याच्यापाशी तसलं मशीन हाय."

"उन्हाळ्याच्या आत येती बगा, शेठ."

"बगा बरं. आमाला बी सालाचा हिशेब धाडायचा आसतो."

मार्च सरला आणि मोंढा धर्मराजकडे गेला. बंकटशेठ गेले, त्यांच्यामागून बाकीचे गेले. ईश्वरी रडली नाही, भांडली नाही. एक दिवस सकाळची एसटी धरून ती अंबाजोगाईला गेली आणि संध्याकाळी येऊन चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाली, "त्या धर्मराजकडं लागले मी. उद्यापासून."

धर्मराज लॅपटॉप घेऊन दुकानादुकानांत फिरायचा. त्याने आणलेले आकडे ऑफिसात बसून जुळवायचं काम ईश्वरीचं. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे बंकटशेठचा हिशेब आला. हे तिने आईला सांगितलं. आप्पांना ते बायकोकडून, शांतादेवींकडून कळलं.

"एसटीत उभ्यानं जाती, उभ्यानं येती," शांतादेवी पुढे म्हणाल्या. "पाय बगितलेत का तिचे?"

आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्यानंतर जाहिरात वाचायची त्यांनी सोडून दिली.

श्रावणात वैजनाथाच्या दर्शनाला रुद्रेश आला, तो काळी बॅग खांद्याला लावूनच. दारातूनच ओरडला, "मामा, पडला का न्हाई भाव? मी म्हनलोच होतो! निम्म्याच्या बी खाली!"

आप्पांनी लॅपटॉपवरून बोटं फिरवली. कळा केवढ्या हलक्या होत्या. ह्यावर जोर लावायचाच नव्हता.

"लई हुशार हायस," ते म्हणाले. रुद्रेश खुशीत चहा पिऊन देवळाकडे गेला.

दिवेलागणीला ईश्वरी आली. चपला काढताना तिने भिंतीला हात टेकला. मग तिला टेबलावरचा लॅपटॉप दिसला.

"आनला व्हय?"

"रुद्रेशनं आनलाय. भाव पडला." आप्पा घुटमळले. "तुझा हाय हा."

ती खुर्चीवर बसली, लॅपटॉप चालू केला. निळसर उजेडात तिचा चेहरा जरा वेळ पूर्वीसारखा दिसला. एक-दोन ठिकाणी बोट फिरवून ती म्हणाली, "चांगला हाय. तुमचं बरुबर होतं आप्पा, थांबल्यावर स्वस्तच मिळाला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आप्पांनी तो शोधून पाहिला.

"मोंढ्यात परत इचारून बगू का मी? बंकटशेठला?"

"नगं. त्यांचं नीट बसलंय आता. मीच बसवून दिलंय." तिने मान मागे टेकली. "आईतवारी बगू ह्याच्यात काय काय टाकायचं ते."

आप्पांना बरंच काही बोलायचं होतं. शब्द जुळवून त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा तिचा डोळा लागलेला होता.

आतून शांतादेवींनी ताट वाढल्याची हाक दिली. आप्पांनी हाताने थांबायची खूण केली. लॅपटॉप चालूच होता. जन्मभर पोरांची बोटं कळांवर बसवलेल्या त्या माणसाला तो बंद कसा करायचा ते ठाऊक नव्हतं. विचारायचं तर तिला उठवावं लागलं असतं. त्यांनी दोरीवरची चादर काढली, अलगद तिच्या पायांवर पांघरली आणि दुसरी खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून, त्या उजेडापाशी बसून राहिले.