आठ नंबरचा बँड

"मायनस एकशे सोळा! बँड तीन!" लिफ्टच्या टपावर उभा राहून लिफ्टवाला ओरडला.

वर, गच्चीवरच्या मशिन रूममधून जोडीदाराचा आवाज आला, "अरे, आपण ब्रेक तपासायला आलोय की लॉटरीचा निकाल वाचायला?"

"गप रे. अजून एक मजला वर घेतो."

टपावरचं बटण दाबलं की लिफ्ट गोगलगायीसारखी सरकते. एका हाताचा अंगठा बटणावर, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर सिग्नल मोजायचं अॅप. वर ठळक अक्षरात बँडचा नंबर, खाली सिग्नलचा आकडा, आणि तो आकडा कायम वजाबाकीत. तिसरा मजला मागे पडला, तीनचा बँड गेला, स्क्रीन क्षणभर कोरी झाली. आणि मग आकडा उमटला.

"आठ! आठ नंबर आला रे! मायनस शहाण्णव!"

"अभिनंदन," वरून उत्तर आलं. "आता ब्रेक बघायचा का?"

लिफ्टवाल्याने कानामागचा खडू काढला आणि शाफ्टच्या भिंतीवर भलामोठा आठचा आकडा काढला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू विहिरीला पाणीच लागलं.

आता एवढं काय त्यात, असं कुणालाही वाटेल. लोकांना लिफ्ट माहीत असते ती पुढून. आरसा, बटणं, दिवा. लिफ्टवाल्याने आयुष्य काढलं ते तिच्या पाठीमागे, ती ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते त्या शाफ्टमध्ये. चारही बाजूंना काँक्रीट, मध्ये लोखंडी दोर, आणि मोबाईल म्हणजे नुसता डबा. ऑफिसचा फोन लागत नाही हे त्याच्या खरं तर पथ्यावरच पडत होतं. साहेब चिडायचे आणि हा तोंड पाडून म्हणायचा, "काय करणार साहेब, रेंजच नव्हती." पण आता गोष्ट ऑफिसची नव्हती, लेकीची होती.

लेक जन्मली तेव्हा मोबाईल नव्हते. हा गृहस्थ दिवसभर एका इमारतीच्या खड्ड्यात ग्रीस लावत बसला होता, आणि संध्याकाळी शीळ घालत घरी आला तर शेजारीण दारातच म्हणाली, "अहो, मुलगी झाली की तुम्हाला! कुठे होतात?" झालं. तेव्हापासून लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला बायको ते पुराण लावायची. "दूधवाल्याला कळलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याला कळलं, घरमालकाच्या पोपटालासुद्धा कळलं. एक बाप तेवढा राहिला!" दरवर्षी त्यात एका नव्या माणसाची भर पडायची. तो हसायचा. पण खरं सांगायचं तर त्याला ते लागायचं. जगातली इतकी मोठी बातमी, ती त्याची स्वतःची, आणि ती त्याला शेजारणीने सांगावी!

आणि आता लेकीचे दिवस भरले होते. ती लांबच्या शहरात, बायको तिच्याजवळ गेलेली. याची रजा मंजूर झाली होती ती पुढच्या आठवड्यापासून, पण बाळ काही रजेचा अर्ज बघून येत नाही. "बाबा," लेक फोनवर म्हणाली होती, "बाळाचा पहिला आवाज मी तुम्हालाच ऐकवणार. आईला बजावून ठेवलंय, दुसऱ्या कुणालाही आधी फोन लावायचा नाही. तुम्ही फक्त उचला."

"उचलतायत!" मागून बायको. "फोन असेल खिशात आणि हे असतील खड्ड्यात."

"अगं, या वेळी उचलणार म्हणजे उचलणार!"

"बघू."

ते 'बघू' त्याच्या डोक्यात घर करून बसलं. तेवढ्यात देवासारखा भेटला तो टॉवरवाला. याच इमारतीच्या गच्चीवर मोबाईल कंपनीचे अँटेना होते, त्यांच्या देखभालीला तो यायचा. पन्नाशीचा, दोरीसारखा सडपातळ, आणि दुसऱ्याच्या डब्यातली भाजी स्वतःच्या डब्यातल्यापेक्षा चांगली असते यावर त्याची श्रद्धा. लिफ्टवाल्याच्या डब्यातली भाजी संपवता संपवता त्याने त्याच्या मोबाईलवर ते अॅप टाकून दिलं.

"हे बघा," तो म्हणाला, "तुमच्या कंपनीचे इथे तीन बँड, म्हणजे लहरींच्या तीन जाती. चाळीस, तीन आणि आठ. चाळीसची लहर आखूड. माल भरपूर आणते, पण भिंत आली की संपला खेळ. तीनचं मधलं. आणि आठची लहर लांब. माल थोडका, पण भिंतीतून, खिडकीतून, जिथून जमेल तिथून आत शिरते."

"म्हणजे चाळीस नंबर माझा साडू," लिफ्टवाल्याला एकदम उजेड पडला. "गाडी मोठी, आवाज मोठा, पण दारातूनच परत. आणि आठ नंबर म्हणजे माझी सासू. दार लावा, कडी घाला, ती घरात आलेलीच."

टॉवरवाल्याला ठसका लागला. "तेच, तेच. तुम्हाला शाफ्टमध्ये फोन हवाय ना? मग सासूबाई कुठे कुठे पोचतात ते शोधून ठेवा. आणि एक ध्यानात ठेवा, मायनसचा आकडा जितका लहान तितकं चांगलं."

तेव्हापासून लिफ्टवाला जिथे जाईल तिथे टपावर उभा राहून सासूबाईंना शोधत होता. या इमारतीत चौथ्या मजल्याखाली भिंतीला हवेसाठी एक जाळी होती, तिथून आठ नंबर थेट आत येत होता. त्याने तिथून जोडीदाराला फोन लावून बघितला. खणखणीत! जोडीदार मशिन रूममधून ओरडून बोलू शकला असता, पण फोनवरच म्हणाला, "हॅलो, कोण पाहिजे आपल्याला?"

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळीच बायकोचा फोन. "नेलंय हो तिला आत. आता कुठे भटकू नका."

"नाही गं. एका जागी बसतो."

फोन ठेवतो न ठेवतो तोच ऑफिसचा फोन, त्याच इमारतीत लिफ्ट अडकली आहे आणि आत बाई आहेत. जोडीदार म्हणाला, "तू थांब बाहेर, मी उतरतो टपावर." लिफ्टवाल्याने विचारलं, "अडकलीय कुठे?" "तीन आणि चारच्या मध्ये." लिफ्टवाल्याचे डोळे चमकले. "तू वर मशिन रूममध्ये स्विचपाशी थांब. टपावर मीच जाणार."

आत होत्या सहाव्या मजल्यावरच्या टायपिंगच्या बाई. अर्ध्या गावाला टायपिंग शिकवून आता निवृत्त झालेल्या, अंगाने चिमणीएवढ्या, आवाजाने पोलीस इन्स्पेक्टर. लिफ्टवाल्याने टपावर उतरून छतातली झडप उघडली, तर खाली बाई सुताराकडून दुरुस्त करून आणलेल्या स्टुलावर ऐसपैस बसलेल्या.

"आलात? या. बसा म्हणाले असते, पण तुम्ही वर आहात."

"घाबरला नाहीत ना बाई?"

"घाबरून लिफ्ट चालू होणार असेल तर घाबरते."

लिफ्टवाल्याने मोबाईल झडपेच्या काठावर, जाळीसमोर नीट ठेवला. बँड आठ. मायनस सत्त्याण्णव. मग दाराकडे वळला. लिफ्टचं आतलं दार ज्या पट्टीवर लोंबकळत सरकतं, तिच्यावरून त्याचं चाक उतरलं होतं. त्याने दोन्ही हातांनी दार उचलून धरलं, खांदा लावला, चाक पट्टीच्या काठाशी आणलं. एक हात सोडला असता तर ते धूड सरळ आत, बाईंच्या अंगावर. आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला.

लिफ्टवाल्याने मान वळवली. स्क्रीनवर बायकोचं नाव. फोन चार हातांवर आणि हात दोन्ही दाराला.

"अहो, वाजतोय तुमचा फोन," खालून बाई.

"माहितीये! मुलगी... दवाखान्यात... बाळ होणारेय माझ्या मुलीला! हात सोडता येत नाहीत मला!" त्याचा आवाज चक्क रडवेला झाला.

"मग सांगायचं नाही का आधी?" बाई स्टुलावर चढल्यासुद्धा.

"अहो उतरा! प्रवाशाने झडपेला हात लावायचा नाही, नियम आहे!"

"नियमात तर माझं अडकणंही बसत नाही." झडपेतून एक सुरकुतलेला हात वर आला, चाचपडला, आणि फोन घेऊन खाली गेला. "हॅलो?"

"हॅलो, अहो... कोण बोलतंय?" बायकोचा आवाज आतून बारीक ऐकू आला.

"मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"आँ? आणि हे कुठायत?"

"माझ्या डोक्यावर."

पुढे बायको काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही, कारण फोन कट झाला. व्हायचाच! लिफ्टची केबिन म्हणजे चहूबाजूंनी पत्र्याची पेटी, तिच्यात आठ नंबरच काय, कुणीच शिरत नाही. इतके दिवस सगळा शाफ्ट मोजला, खडूने भिंती रंगवल्या, आणि फोन नेमका पेटीत जाईल हे काही सुचलं नव्हतं. लिफ्टवाला टपावरूनच ओरडला.

"बाई! वर! फोन वर काढा! हात बाहेर!"

हात पुन्हा वर आला. बाई टाचा उंचावून, हनुवटी झडपेच्या काठाला लावून उभ्या राहिल्या.

"स्क्रीनवर काय दिसतंय?" दार पेलत, घामाघूम होत त्याने विचारलं.

"नेटवर्क शोधत आहे. हं... बँड तीन, मायनस एकशे पंधरा." बाई डिक्टेशन देतात तशा स्वच्छ, तुटक आवाजात वाचत होत्या.

"तो नको. डावीकडे घ्या. जाळीकडे."

"मायनस एकशे चौदा. तीनच."

"अजून. हात लांब करा."

"आता हात उपटायचा का? थांबा... गेलं सगळं. कोरं झालं."

लिफ्टवाल्याने डोळे मिटले. त्याला शेजारीण दिसली, तिच्या मागे दूधवाला, शिंपी, घरमालकाचा पोपट. सगळे ओळीने उभे.

"बँड आठ," बाई म्हणाल्या. "मायनस शंभर."

"हलू नका!"

"मी कशाला हलते? मायनस सत्त्याण्णव."

"श्वासही घेऊ नका बाई!"

फोन वाजला. बाईंनी हात तसूभरही न हलवता अंगठ्याने उचलला, अंगठ्यानेच स्पीकर लावला. इतक्या वर्षांच्या टायपिंगचं सार्थक झालं.

"अहो!" बायको ओरडली. "अहो, आहात का?"

"आहे! आहे मी! आहे!"

"ऐका."

आणि तो आवाज आला. कोवळा, चिडका, कुणाचंही न ऐकणारा. एवढासा जीव, पण शाफ्टमध्ये आवाज घुमतो, तो काँक्रीटवर आपटत खाली खड्ड्यापर्यंत गेला, वर मशिन रूमपर्यंत गेला, आणि प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून बाहेर पडला. पाचव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघणारं कुणीतरी दारावर हात आपटायला लागलं, "अरे देवा, लिफ्टमध्ये तान्हं बाळ अडकलंय! लवकर काढा त्याला!"

लिफ्टवाला खदाखदा हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसणार कसं? दोन्ही हात दाराला.

"मुलगी झाली," बायको म्हणाली. तिचाही आवाज आता कापत होता. "दोघी सुखरूप आहेत. आणि ऐका, अजून कुणालाही सांगितलेलं नाही. जावयांच्या घरीसुद्धा नाही. तुम्हीच पहिले. आता दर वाढदिवसाला मला बोलायला काही उरलं नाही बघा."



"अरे काय झालं?" वरून जोडीदार ओरडला. "आवाज कसला येतोय? कुणी सांगेल का मला?"

लिफ्टवाल्याने मान वर केली. आतापर्यंत घरातली प्रत्येक बातमी त्याला दुसऱ्याने सांगितली होती. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"मुलगी!" तो ओरडला. "माझ्या लेकीला मुलगी झाली! मला नात झाली रे!"

"नात झाली!" वरून जोडीदार. "नात झाली म्हणे," पाचव्या मजल्यावरचं कुणीतरी. "कुणाला?" सहावा मजला. "लिफ्टवाल्यांना!" दुसरा मजला. बातमी मजल्यामजल्याने वर गेली, खाली गेली, आणि कुणीतरी दाराआडून टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्याने खांद्याला एक हिसडा दिला. चाक खट्कन पट्टीवर बसलं, आणि दार हलकं झालं. आता हात मोकळे होते.

"बाई," तो बाहीने तोंड पुसत म्हणाला, "हात भरून आला असेल तुमचा. द्या इकडे फोन."

"तुमचे हात ग्रीसने बरबटलेत," बाई म्हणाल्या. "आणि ती अजून रडतेय. ऐका गुपचूप."

तो लिफ्टच्या टपावर मांडी घालून बसला. बाई खाली स्टुलावर चवड्यांवर उभ्या राहिल्या, आणि नातीचं रडून होईपर्यंत त्यांनी तो हात जाळीसमोर तसाच वर धरून ठेवला.