अर्ध्यावर राहिलेली मेंढी

सुज्ञ वाचकहो, दर्यापूर तालुक्यातील देवमन नामक एका वृद्ध कातरणाऱ्याने एका मेंढीच्या अंगावरील जट कशी उतरविली, तेवढीच हकीकत येथे निवेदन करावयाची आहे. तीत राजा नाही, रणांगण नाही. मात्र हात कसा चालावा, हे तीत आहे.

"हिले पान्यात कोनं घातलं?" मेंढीच्या पाठीवर पंजा ठेवताच देवमनने विचारिले.

मेंढीची मालकीण पार्बताबाई शेजारीच बसली होती. तिची सून प्राजक्ता ओशाळली. "मीच, मामा. कातराच्या आंधी मेंढ्या धुतेत ना? म्हून परवा धुतली. शांपूबी लावला."

"मोकळी लोकर धुवा लागते, पोरी. जटेले पानी लागलं का तिचं घोंगडं होते. हे त वासाचं घोंगडं झालं."

प्राजक्ता पदराआड हसली. पार्बताबाई हसली नाही.

कळप अवघा नऊ मेंढ्यांचा. आठ मेंढ्या देवमनने न्याहारीपूर्वीच मोकळ्या केल्या होत्या. ही नववी. दोन वर्षांपूर्वी पार्बताबाईचे यजमान खुशालराव हिलाच कातरीत होते. उजवी बाजू पुरी झाली, आणि ते जागीच कोसळले. त्या दिवसापासून पार्बताबाईने हिच्या अंगास कात्री लागू दिली नव्हती. चिखल, गोखरूचे काटे आणि दोन पावसाळे मिळून लोकरीची जट झाली, ती पोटाखाली उतरली आणि तिने कास झाकून टाकली. गतवर्षीच्या कोकराला सड सापडला नाही. ते तिसऱ्या दिवशी गेले. आणि आता मेंढी पुन्हा दिवसांत आली होती.

"बाई, यंदाबी कोकरू गमवाचं हाय का?"

"नाई गमवाचं, भाऊ. म्हून त तुमाले बलावलं." पार्बताबाईने मेंढीचे कान कुरवाळिले. "त्यायनं पानी मांगलं होतं त्या दिवशी. मी लोटा आनाले घरात गेली. आली त... काम अर्धं हाय तवरक मले वाटते, कुठीसा गेले हायेत, येतीन."

देवमनने कात्री दगडावर दोन वेळा ओढिली. मग म्हणाला, "मी त्यायचं काम मोडत नाई. त्यायनं जिथं सोडलं, तिथूनच धरतो. रगताचा एक थेंब पडला, त कात्री इथंच ठिवून जाईन."

"लय गुमान हाय हाताचा."

"चाळीस वर्सं झाले, बाई. आता नाई करू त कवा करू?"

पार्बताबाई उठली आणि तिने स्वतः मेंढीचे तोंड धरिले.

गाभण मेंढीस आडवी पाडीत नसतात. म्हणून ती उभीच ठेविली. देवमनने डोळे मिटून जटेत बोटे घातली. वरून कोरडी, आतून ओली. पाठीच्या कण्यापाशी बोटांना एक पायरी लागली. एका अंगाची लोकर आखूड, दुसऱ्या अंगाची लांब.

"हे पाहा. इथं थांबले ते."

पार्बताबाईने आपले बोट तेथे ठेविले व बराच वेळ काढिले नाही. देवमनही थांबला. तिने बोट काढताच त्याने तेथेच कात्रीचे टोक घातले.

अडाणी माणूस जट ओढतो. जटेबरोबर कातडी वर येते व कापली जाते. देवमनने जट ओढिली नाही. डाव्या तळव्याने कातडी ताणून धरीत, पाते अंगाशी निजवून, तो बोटबोटभर पुढे सरकला. डावे अंग सुटले. मग तो मेंढीला वळसा घालून उजव्या अंगाला आला आणि पुन्हा त्याच रेषेपासून खाली उतरला. सर्वांत शेवटी कास. तेथे त्याने कात्रीची टोकेच तेवढी चालविली, श्वास धरून.

ऊन माथ्यावर आले तेव्हा गुलाबी कास उघडी पडली. दोन्ही सड साबूत होते. प्राजक्ताने वाकून पोट, बगला, मांड्या तपासल्या.

"मामा, कुठीच लाल नाई."

"शांपूची किरपा," देवमन म्हणाला.

मेंढीने अंग झाडिले, आपले हलके झालेले पाय दोनदा उचलून पाहिले आणि ती कळपात शिरली. नऊही मेंढ्या आता सारख्या दिसत होत्या. त्यांतून ती निराळी ओळखता येईना.

पार्बताबाई घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात घासून लख्ख केलेला लोटा होता.

"काम झालं, भाऊ. पानी घ्या."

देवमनने डोक्यावरील टोपी काढून खाली ठेविली, दोन्ही हातांनी लोटा घेतला आणि मध्ये न थांबता तो रिकामा केला.

ही साधी हकीकत आपण वेळ काढून वाचिली, याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी ठेवितो.

जानराव सोनाजी शिंगाडे
दर्यापूर