भरतीमा गया

नावेत बसल्यावर रेवजीने आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "तेरमुं सारी रीते थयुं ने, दोधूभाई?"

दोधू भोई वल्हं मारत होता. रेवजी सुरतेकडचा, मालाच्या होड्यांवरचा तांडेल. दोधूचा एकुलता एक पोर भिला त्याच्याच होडीवर कामाला गेला होता. आज रेवजी तापीकाठच्या प्रकाशा गावी केदारेश्वराच्या दर्शनाला निघाला होता आणि वाटेत कोणाच्या तेराव्याची चौकशी करत होता, ते दोधूला उमगेना.

"कोन्हं तेरावं?"

"भिलानुं."

दोधूला आधी हसूच आलं. भिला तर पलटणीत होता. तीन पावसाळ्यांपूर्वी गावातला सुपडू सुरतेहून मजुरी करून परतला, तो रेवजीचाच निरोप घेऊन आला होता: 'तुन्हा भिला भरतीमा गया.' दिवस लढाईचे. नंदुरबारच्या बाजारात सरकारी माणूस बाजा वाजवून पोरं गोळा करत होता. समुद्र ज्यांनी बापजन्मात पाहिला नाही त्यांना भरती ठाऊक ती एकच. ऐकून भिलाची आई गजराबाई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवसापासून मिरवू लागली. पाणवठ्यावर बायका तिला 'शिपाईनी माय' म्हणायच्या. थट्टेत म्हणायच्या, पण तिला ते गोड लागायचं.

लढाई संपली. शहाद्याकडची पोरं घरी आली, भिला आला नाही. गजराबाई म्हणे, लांबच्या मुलखात असेल, आगबोटीला वेळ लागतो. सून प्रमिलाचा भाऊ दोनदा येऊन गेला. भोयांत पाट लावायची रीत आहे, भरल्या वयाच्या पोरीने अशी किती वाट पाहायची, असं तो चाचरत बोलला. शिपायाच्या बायकोचा पाट लावतोस काय, म्हणून गजराबाईने त्याला पाणीसुद्धा न विचारता हाकलला होता.

हे सगळं दोधूने मोठ्या अभिमानाने सांगितलं. रेवजीने कपाळाला हात लावला, आणि मग खाली बघत तो बोलत राहिला. सुरतेच्या खाली तापी अशी एका अंगाने वाहत नाही, म्हणाला. ती पसरते, तिला फाटे फुटतात, मधे चिखलाची बेटं आणि त्यांवर खारं गवत. दिवसातून दोनदा समुद्र नदीत शिरतो आणि तिला उलटी ढकलत सुरतेच्याही वर नेतो. त्या चढत्या पाण्याला तिकडे भरती म्हणतात. भिला चिखलात उतरून रुतलेली होडी मोकळी करत होता. किनाऱ्यावरून माणसं ओरडली, पाणी आलं, पाणी आलं. भिलाने कंबर सरळ केली आणि सुरतेच्या बाजूला पाहिलं, नदी जिकडून येते तिकडे. तिकडे काहीच नव्हतं. पाणी पाठीमागून आलं. देह हाती लागला नाही.

'वरल्या अंगाला नजर ठेव, पूर वरूनच येतो,' हे पोराच्या कानात दोधूनेच भरलं होतं. बापाकडे देण्यासारखी तेवढी एकच विद्या होती आणि पोराने ती शेवटपर्यंत पाळली. दोधूचे हात थांबले. नाव धारेला लागली तेव्हा रेवजीनेच उठून वल्हं घेतलं.

घरी न सांगणं सोपं होतं. गजराबाईचं सुख कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतं, असं त्याने स्वतःला चार दिवस समजावून पाहिलं. पण प्रमिला दळायला बसली की त्याला तिच्याकडे बघवेना. म्हातारीचं सुख त्या पोरीच्या जिवावर चाललं होतं. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने दोघींना सांगून टाकलं.

गजराबाईने आधी रेवजीला खोटं ठरवलं, मग सुपडूला. बिचाऱ्या सुपडूने निरोप जसाच्या तसा आणला होता, त्यात कानामात्रेचाही फरक केला नव्हता. हे ती ऐकून घेईना. "भरती म्हन्जे पलटन. सारा गाव हाईच म्हनस," एवढं एकच वाक्य ती परत परत बोलत राहिली, प्रत्येक वेळी थोड्या लहान आवाजात.

प्रमिलाने फक्त विचारलं, "कोनता दिन व्हता?"

"आखाजीना," दोधू म्हणाला.

त्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी होती. दिवसभर झोक्यावर बसून मैत्रिणींबरोबर गाणी म्हणत होती आणि हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या होत्या. ती उठली, दाराच्या दगडाशी जाऊन बसली आणि कोणी धरायच्या आत तिने दोन्ही हात त्यावर आपटले.

देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करतात. घाटावरच्या भटजींनी तसंच सांगितलं. दोधूने रानातून पानं आणली. उंची किती धरायची ते त्याला आठवेना, तेव्हा गजराबाईने आपल्या डोक्याच्या वर वीतभर हात धरून दाखवला. पानांचा भिला घाटावर जळायला वेळ लागला नाही.

राख घेऊन तिघं नावेत बसली. लोकांच्या अस्थी दोधूने आजवर किती वेळा मधल्या धारेत नेल्या असतील, त्याला गणती नव्हती. आज त्याने मडकं पालथं केलं. पानांची राख हलकी, ती बुडालीच नाही. पसरून तरंगत मावळतीकडे निघाली. गजराबाई तिच्याकडे बघत होती.

"भिलाना बाप," ती म्हणाली, "तठे पानी उलटं फिरस ना?"

"हा."

"मंग?"

दोधूने रिकामं मडकं धारेत सोडलं.

"ते पानी आपलापावत येत नही, सुरतवरच थांबस," तो म्हणाला.

गजराबाईने मान हलवली. मग ती सरकून सुनेजवळ बसली, तिचे मोकळे हात आपल्या मांडीवर घेतले आणि मनगटावरचं वाळलेलं रक्त पदर भिजवून पुसू लागली.