वीतभर जागा

सगळी गल्ली त्यांना फ्रिजकाका म्हणायची. लोकांचे बंद पडलेले फ्रिज चालू करण्यात पस्तीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, ही एक. दुसरी म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातून निघताना दारात थांबून बजावायचं, "फ्रिज भिंतीला चिकटवू नका. मागे वीतभर जागा सोडा, त्यालाही श्वास घ्यायचा असतो." लेक लहानपणी त्यांच्याबरोबर जायची, तेव्हा हे वाक्य ती त्यांच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची.

ती लेक आता लांबच्या शहरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. नातेवाइकांनी विचारलं की काका हात झटकून म्हणायचे, "करते कॉम्प्युटरचं काहीतरी." मागच्या महिन्यात तिच्याशी बोलून झाल्यावर फोन चुकून चालू राहिला आणि हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, चार वर्षं झाली. मी काय करते ते एकदा तरी बघाल का?"

ते काकांच्या जिव्हारी लागलं. तिचा गेम गुरुवारी बाजारात आला. रविवारी सहाला तिचा फोन असायचा. त्याआधी तिचं काम बघायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. गेममधल्या पहिल्या वस्तीतलं तिसरं घर, त्यातलं स्वयंपाकघर तिने केलंय, एवढं त्यांना माहीत होतं.

"त्याचे व्हिडिओ असतात की फोनवर," काकू म्हणाल्या.

"कंप्रेसरचा आवाज फोनवर ऐकून मी आजवर निदान केलेलं नाही. तिथे जाऊनच बघणार."

घरात लेकीचाच जुना कॉम्प्युटर होता, तिने सुटे भाग जमवून बांधलेला. तो हा गेम झेपवेल का, हा खरा प्रश्न. गेमच्या पानावर दोन रकाने होते. किमान काय लागेल आणि चांगलं चालायला काय लागेल. काकांनी कामाची वही उघडली, एका बाजूला 'हवं' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'आहे'. प्रोसेसर पास. ग्राफिक्स कार्ड किमानच्या रकान्यात जेमतेम बसलं. मेमरी निम्मीच होती, म्हणून शुक्रवारी ते मेमरीची एक जुनी पट्टी घेऊन आले आणि स्वतः बसवली. डिस्कवर जागा नव्हती, तेव्हा लग्नांचे व्हिडिओ उडवले. त्यात काकूंच्या भावाचंही गेलं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

गेम सुरू झाला. पुरात बुडून गेलेलं, आता कोरडं पडलेलं एक अख्खं शहर समोर आलं. काका एका बोटाने चालत, भिंतींना धडकत पहिल्या घरापर्यंत गेले. दुसऱ्या घराशी चित्र अडखळायला लागलं आणि दहाव्या मिनिटाला कॉम्प्युटर फट्‌कन बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पाच वेळा गेले आणि पाचही वेळा तिसऱ्या घराच्या अलीकडे काळोख.

शनिवारी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याचं दुकान गाठलं. तो डब्याकडे बघून हसला. "काका, किमानचा रकाना मनाच्या समाधानासाठी असतो. नवीन कार्ड घ्या."

"आधी चालवून दाखव."

त्याने चालवला. अर्धा तास झाला तरी डबा बंद पडेना. काका बाकावर ठाण मांडून होते. शेवटी कॉम्प्युटरवाला कान खाजवत म्हणाला, "तुमच्या घरची वीज खराब असेल."

घरी येऊन काकांनी मीटर लावला. वीज ठणठणीत होती. कॉम्प्युटर मात्र दहाव्या मिनिटाला बंद.

रविवारी दुपारी ते चहा गार होईस्तोवर नुसते बसून राहिले. दुकानात चालतो, घरी बंद पडतो. फ्रिजच्या बाबतीत हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. असं झालं की मशीन सोडायचं आणि घर बघायचं. पण स्वतःचं घर कसं बघणार? काका उठले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, चपला घालून बाहेर गेले आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. "हे काय नवीन?"

"तक्रार आली होती. मशीन कुठे आहे?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" म्हणत काकू बाजूला झाल्या.

परक्या माणसासारखे काका खोलीत शिरले आणि जागीच उभे राहिले. काकू शिवणकाम करायच्या आणि उघडी वस्तू त्यांच्या डोळ्यांना सहन होत नसे. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, कव्हरांच्या गठ्ठ्यालाही कव्हर. कॉम्प्युटरला फुलाफुलांचं, आतून फोम लावलेलं, अंगासरसं बसणारं कव्हर होतं आणि बटणापुरतं सुबक काज. काकांनी पट्टी बसवताना ते काढलं होतं, दुकानात नेतानाही काढलं होतं. दोन्ही वेळा काकूंनी मागून येऊन नीट चढवलं होतं. शिवाय डबा कपाट आणि भिंतीच्या मध्ये कोंबलेला.

पस्तीस वर्षं दुनियेला शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या घरात हे! काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"सहा वर्षं धुळीचा कण बसू दिला नाही मी," काकू म्हणाल्या.

"हवेचाही नाही." त्यांनी कव्हर काढलं, घडी घालून काकूंच्या हातात दिलं, डबा पुढे ओढला, आणि सवयीने अंगठा-करंगळी ताणून मागची जागा मोजली.

पावणेसहा झाले होते. दहावं मिनिट आलं आणि गेलं. तिसऱ्या घराचं दार उघडलं. स्वयंपाकघरात ओटा, ओल धरलेल्या भिंती, कोपऱ्यात जुना फ्रिज. काकूंनी खुर्ची जवळ ओढली. काका धडपडत फ्रिजच्या बाजूला गेले. तो भिंतीपासून थोडा पुढे होता. ते वळसा घालून त्याच्या मागे गेले. पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी होती, एकेक वेढा स्वतंत्र काढलेला, खाली कंप्रेसर, त्याच्या वायरीवर चिकटपट्टीसुद्धा.

फोन वाजला. "बाबा, बघितलंत?"

"फ्रिजच्या मागे उभा आहे."

ती म्हणाली, "तिकडे कुणीच जात नाही. साहेब म्हणाले, पाठ कशाला करत बसलीस? म्हटलं, एक माणूस बघेल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नळीला एक वेढा जास्त झालाय," ते म्हणाले. "पण जागा बरोबर सोडलीस."