खुंट्यांना तेल

खंडेनवमीच्या दिवशी सातपूरमधल्या कारभारी आहेरांच्या शेडमध्ये कुणी कामाचं नाव काढून बघावं, कारभारी त्याला उभा सोलतील! लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांची साफसफाई, मग तेलपाणी, मग हळदकुंकू, झेंडूचा हार आणि नारळ. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत मशीनला बोट लावायचं नाही. लक्ष्मी आहे ती, चेष्टा नाही.

याच शेडचा एक कोपरा त्यांनी पियानो दुरुस्त करणाऱ्या तृप्ती गांगुर्डेला वापरायला दिला होता. त्या कोपऱ्यात रूथमावशींचा शंभर वर्षांचा ग्रँड पियानो ऐसपैस उभा होता. उन्हाळ्यापासून पोरीनं त्याच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. तारा नव्या, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरी नमदा नवा. फक्त तारा आवळायच्या खुंट्या ज्या लाकडी फळीत ठोकलेल्या असतात, ती फळी मूळचीच ठेवली होती. तशी फळी परदेशातून मागवायची म्हणजे वर्ष गेलं, आणि शरणपूरच्या रूथमावशींकडे वर्ष नव्हतं. तब्येत ठणठणीत, पण कान चालले होते. "माझ्या आईचा पियानो एकदा नीट ऐकू दे गं, मग बहिरी तर बहिरी," असं त्या म्हणायच्या.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सूर लावून झाले. दसऱ्याला या म्हटलं तर मावशी कसल्या थांबतात! मला आजच न्यायला ये म्हणाल्या. तृप्ती रिक्षातून त्यांना घेऊन शेडमध्ये शिरली आणि जागीच थिजली.

पियानोचं झाकण सताड उघडं, आत झेंडूचा हार. सगळ्या खुंट्या लखलख चमकत होत्या. आणि शेजारी स्टुलावर तेलाचा कॅन.

"काकू, याला कुणी हात लावला?" तिनं कारभारींच्या बायकोला, लताबाईंना विचारलं.

"हेच की. सकाळपासून कॅन घेऊन फिरत व्हते. आज एकबी मशीन सोडलं नाय बघ."

तृप्तीला दरदरून घाम फुटला. खुंटी लाकडात घट्ट रुतून बसते, म्हणून तर तार ताणलेली राहते. तिथं तेल मुरलं की खेळ खलास! खुंटी सरकणार, तार सैल पडणार, आणि ती फळी पुन्हा कधी सूर धरणार नाही. अहो, लेथला अमृत ते याला विष! कारभारींवर ओरडावं की तिथंच बसून रडावं, तिला कळेना. मागे रूथमावशी कौतुकानं हार बघत उभ्या होत्या.

तेवढ्यात कारभारी प्रसादाचं ताट घेऊन आले.

"काका, खुंट्यांना तेल घातलंत?"

कारभारींचा चेहरा पडला. "तुला कळलं व्हय? चुकलंच पोरी. तुला तोंड कसं दाखवावं तेच कळंना. शेवटच्या लेथवर कॅन रिकामा झाला, दुकानं बंद. सगळ्यांना तेल, आन तुझंच मशीन तेवढं कोरडं राह्यलं. नुसतं फडक्यानं घासून घासून पुसलं. उद्या पैलं तेल ह्यालाच, शब्द हाय माझा!"

तृप्तीनं कॅन उचलून हलवला. ठणठण गोपाळ! ती हसायला लागली, हसता हसता रडायलाच लागली. "काका, तो शब्द आधी मागं घ्या!" आणि मग तिनं सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता कारभारी मटकन खाली बसले आणि त्यांनी दोन्ही कान धरले.

रूथमावशींना यातलं अर्धंच ऐकू आलं होतं. "वाजवायचा ना गं?" त्यांनी कानामागे हात धरून विचारलं.

"आज?" लताबाई दचकल्या. "पूजा झालीय वो त्याची!"

कारभारींनी त्या कानामागच्या हाताकडे पाहिलं. मग उठले, नमस्कार करून हार उतरवला आणि स्टूल स्वतः पुढं ओढलं. "बसा मावशी. लक्ष्मी काय रागवायची नाय."

बंद मशीनांमध्ये शेड चिडीचूप होती. मावशींनी सुरुवात केली. तृप्तीचा जीव खुंट्यांत अडकलेला. एक सूर, दुसरा, मग पूर्ण गाणं. एकही तार उतरली नाही. तृप्तीनं केव्हाचा धरून ठेवलेला श्वास सोडला.

मावशी थांबल्या. हात पट्ट्यांवरच होते, डोळे भरून आले होते.

"आई अगदी असंच वाजवायची," त्या म्हणाल्या. "आलं गं ऐकू. सगळं आलं."