तिवरं उपटणारा पोकलेन

मी एक जुना पोकलेन आहे. राजूरच्या रस्त्याला, माझे मालक काकासाहेब यांच्या शेडमागे उभा असतो. मित्रांनो, जवळ या, पण नाक धरून या.

आलो तेव्हा पिवळाधमक होतो. धावड्याच्या तलावातला गाळ काढला, तेव्हा तिथल्या एका आजींनी, आसराबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे गाळ काढणं म्हणजे पुण्यच. तेच पुण्य डोक्यात घेऊन काकासाहेबांनी मला समुद्राकाठी, खाडीवर कोळंबीची तळी खणायच्या कंत्राटावर नेलं. चिखलात वाढलेली तिवराची झाडं पाहून त्यांना आपली वेडी बाभूळच आठवली. माझा ड्रायव्हर अंगद, त्याला ते म्हणाले, "काढ हा कचरा. बिलकुल साफ कर."

तिवराच्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात, तीच झाडं उधाण अडवतात, असं शेजारच्या तळ्याची मालकीण ओरडून सांगत होती. काकासाहेबांनी हसून गाडीची काच वर केली.

तळी झाली. तळ्यातली घाण खाडीत सोडायची आणि तेच पाणी पुन्हा तळ्यात ओढायचं, असला उफराटा कारभार! रोग पडला, कोळंबी मरून तरंगू लागली. पाठोपाठ उधाणाने बांध फोडला. ती सडकी रास माझ्याच बकेटने पुरली. शी! तो वास अजून जात नाही. शेजारणीचं तळं मात्र शाबूत राहिलं. तिने तिवरं राखून, त्यांच्या मागच्या उघड्या जमिनीवर ते खणलं होतं. पाणीसुद्धा ती निवळू देऊनच खाडीत सोडायची.

परवा काकासाहेबांना खाडीवरून पुन्हा कामाचं बोलावणं आलं. उरलेली तिवरं काढायची होती. अंगदच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तरी तो म्हणाला, "मालक, झाडाच्या मागं तळं सांगा, खंदतो. झाडाला हात लावणार न्हाई."

"मंग जाय घरी. दुसरा ड्रायव्हर पाह्यतो मी."

अंगदने किल्ली टेबलावर ठेवली आणि भोकरदनच्या बसमध्ये जाऊन बसला.

आज मला खाडीवर न्यायला ट्रेलर आला. नव्या ड्रायव्हरने किल्ली फिरवली आणि मी मुकाट सुरू झालो. सगळ्यात जास्त शिसारी मला याचीच येते. मित्रांनो, मला धुतलं नाही, तेल दिलं नाही, तरी चालेल. पण उद्या किल्ली तुमच्या हातात येईल, तेव्हा समोर काय उभं आहे ते आधी विचारा. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.