माझा फोटो, परक्याचं तेल

मी एक जुना लाकडी घाणा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याचे डोळे ओले होतात म्हणे. माझ्या कहाणीने तसं काही होणार नाही. मी चिडलेलो आहे, आणि का चिडलो ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म चाकूरचा. केरबा सुतारांनी चिंचेच्या जाडजूड बुंध्यातून माझं उखळ कोरलं आणि त्यात फिरणारी लाट बाभळीची केली. मला घडवून घेतलं ते बसवंतअप्पांनी. माझ्या पोटात करडई पडायची, बैल गोल फिरायचा, लाट कुरकुरत करडई चिरडायची आणि खालच्या भांड्यात पिवळंधमक तेल उतरायचं. सोमवारी मात्र अप्पा मला हात लावायचे नाहीत. सोमवार महादेवाचा, आणि त्याच्या नंदीच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, ही त्या घराची रीत. पुढे बैल गेला, मोटार आली, तरी सोमवारी मोटारीचं बटण कुणी दाबलं नाही. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

अप्पांनी कधी पाटी लावली नाही. बाजारात कुणी चांगल्या तेलाची चौकशी केली की आडतीवर बसलेले गुंडप्पा सांगायचे, "अप्पाचं न्या. खराब निघालं तर मला येऊन बोला." आता बघा, तेल अप्पांचं आणि शब्द गुंडप्पांचा! दुसऱ्याने आपल्यासाठी शब्द टाकला की आपली जबाबदारी दुप्पट होते, हे अप्पांना कळत होतं. करडई जराशी कुबट लागली तरी ते अख्खं पोतं परत पाठवायचे.

अप्पांच्या मागे त्यांची सून उमादेवी घाणा चालवू लागली. तिचा नवरा लवकर गेला होता. तिने वीरेश आणि शिवानी ही दोन लेकरं माझ्याच तेलावर वाढवली. मग पिशवीतलं स्वस्त तेल आलं आणि गिऱ्हाईक पातळ झालं. जाणारे येणारे मला बघून हसायचे. एकाने तर माझं जळण चांगलं होईल असा सल्लाही दिला. उमादेवीने त्याला असा काही जबाब दिला की तो पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही.

अशात वीरेश पुण्यातली नोकरी सोडून घरी आला. नोकरी-धंद्यातली माणसं एकमेकांच्या ओळखी करून घेतात त्या लिंक्डइनवर त्याने आमच्या घाण्याचं पान उघडलं. खरं सांगतो, सुरुवातीला पोराने मन लावून काम केलं. करडईच्या काट्यांपासून हात कसे वाचवतात, घाण्याचं तेल थोडं गढूळ का असतं, हे तो आईला विचारून लिहायचा. कुणी शंका काढली की सरळ उत्तर द्यायचा. नांदेडला साक्षी कदम नावाच्या बाईंची धान्य-तेलाची दुकानं आहेत. त्यांनी ते वाचलं, दोन बाटल्या मागवल्या, घरी वापरून पाहिल्या आणि आपल्या ओळखीच्या सगळ्यांसाठी लिहिलं, "हे तेल माझ्या स्वयंपाकघरात आहे. निर्धास्त घ्या." गुंडप्पाही हेच म्हणायचे की! फक्त बाजार मोठा झाला होता. नांदेड, हैदराबाद, पुणे, कुठून कुठून मागणी येऊ लागली. मी पुन्हा कुरकुरू लागलो. त्या दिवसांत मी जरा फुशारलो होतो, हेही सांगून टाकतो.

पण माझं पोट ते केवढं! मागणी वाढली म्हणून लाकूड काही जोरात फिरत नाही. नेमकं त्याच वेळी उदगीरला दिलेल्या शिवानीचं बाळंतपण आलं आणि उमादेवीला तिकडे जावं लागलं. निघताना ती वीरेशला म्हणाली, "जेवढं निघल तेवढंच वीक. न्हाई म्हणायला लाजू नको."

"हाव अव्वा," वीरेश म्हणाला. मोबाइलवरून मान काही त्याने वर केली नाही.

आई गेली आणि थोड्याच दिवसांत एका गिरणीतल्या तेलाचे डबे आमच्या दारात उतरले. लोखंडी यंत्रात तापून निघालेलं तेल! असल्या तेलाशी माझं भांडण नाही. ते त्याच्या नावाने विका, खुशाल विका. पण वीरेशने ते माझ्या समोर बाटल्यांत ओतलं आणि प्रत्येक बाटलीवर माझा फोटो चिकटवला. वर लिहिलं 'लाकडी घाण्याचं'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मला ओरडता आलं असतं तर गल्ली गोळा केली असती.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ. त्याने मला बाहेरून वॉर्निश फासलं. वरून पिवळा दिवा सोडला. भोवती दोरी बांधली, म्हणजे कुणी हात लावू नये. लोक यायचे, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे, 'परंपरा, परंपरा' म्हणायचे आणि गिरणीचं तेल घेऊन जायचे. इकडे माझं पोट कोरडं पडलं आणि लाटेवर कोळ्याने जाळं विणलं. अहो, अडगळीत पडलो होतो तेव्हासुद्धा माझा इतका अपमान झाला नव्हता.

लिंक्डइनवर म्हणे सोमवारी सकाळी सगळ्यांनाच जोर चढतो. वीरेशलाही चढला. त्याने माझा जुना व्हिडिओ लावला आणि खाली लिहिलं, "आज सोमवार. नव्या आठवड्याची सुरुवात आत्ताच काढलेल्या ताज्या तेलाने!" गुंडप्पांची मुलगी महादेवी हैदराबादला नोकरीला आहे. तिने ते पाहिलं आणि लगेच वडिलांना फोन केला. तासाभरात म्हातारा काठी टेकत आमच्या दारात हजर.

"काय रे वीरेश, सोमवारी घाणा चालू केलास व्हय? अप्पाच्या घरात?"

"न्हाई काका, शपथ! जुना व्हिडिओ हाय तो. घाणा बंदच हाय."

"मग 'आत्ताच काढलं' म्हणून कशाला लिव्हलास?" गुंडप्पांची नजर बाटल्यांच्या रांगेवर गेली. "अन् घाणा बंद हाय तर ह्या बाटल्या कशाच्या भरून राहिलास?"

सोमवारी घाणा चालवला म्हणावं तर घराची रीत मोडली, नाही चालवला म्हणावं तर लबाडी उघडी पडली. गुंडप्पांनी तिथूनच उमादेवीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पिशवी खाली न ठेवता तिने दोरी ओलांडली आणि माझ्या पोटात हात घातला. हात कोरडा निघाला. बोटांना जाळं चिकटलं होतं. ती बोटं तिने वीरेशच्या तोंडासमोर धरली.

वीरेश घाबरा झाला होता. साक्षीबाईंना त्यानेच त्या दिवशी बोलावलं होतं. त्यांच्या सगळ्या दुकानांत आमचं तेल ठेवायचं, असं त्या दिवशी पक्कं व्हायचं होतं. "अव्वा, आज गप बस," तो हात जोडून म्हणाला. "एवढं होऊ दे. मग आपण दुसरा घाणा घेऊ, तिसरा घेऊ. आज बोललीस तर सगळं बुडल."

"बुडायचं ते बुडलंय," उमादेवी म्हणाली.

साक्षीबाई आल्या. उमादेवीने त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "बाई, ह्या बाटल्यांत घाण्याचं तेल न्हाई. माझ्या पोरानं गिरणीचं भरलंय."

साक्षीबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला. "काकू, मी लोकांना तुमच्या शब्दावर नाही सांगितलं, माझ्या शब्दावर सांगितलं. माझी सासू, माझ्या मैत्रिणी, माझी गिऱ्हाइकं, सगळ्यांना. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?" त्या वीरेशकडे वळल्या. "तुला तेल कमी पडलं तर 'नाही' लिहायचं होतं. मी थांबले असते."

त्या निघून गेल्या. दुकानांचा करार झाला नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

त्याच दुपारी उमादेवीने वीरेशला माझ्यासमोर बसवलं आणि त्याच पानावर लिहायला लावलं: मागच्या बाटल्यांत गिरणीचं तेल होतं, बाटल्या परत पाठवा, पैसे परत मिळतील. सोमवारी आमचा घाणा बंद असतो. तेल थोडंच निघतं. बाटल्या परत येऊ लागल्या, सोबत शिव्याही आल्या. उमादेवीने त्याला प्रत्येक बाटलीवरचा माझा फोटो स्वतःच्या नखाने खरवडून काढायला लावला. मला त्याची दया आली नाही. थोडी नंतर आली.

आता दोरी गेली आहे, दिवा गेला आहे. वॉर्निश अजून पुरतं निघालेलं नाही. मी पुन्हा फिरतो आहे, पण पानावर पूर्वीसारखी गर्दी नाही. वीरेश आता जे निघतं तेवढंच लिहितो, आणि संपलं की 'संपलं' लिहितो.

मित्रांनो, ओळखी जरूर जोडा. हजार माणसं जोडा. माझ्यासारख्या जुन्याचे फोटोही काढा, माझी ना नाही. पण कुणी तुमच्यासाठी आपलं नाव पणाला लावलं, तर त्या नावाला जपा. ते तुमचं नसतं, तुमच्याकडे ठेवायला दिलेलं असतं. आणि आम्हा जुन्या वस्तूंना जपायचं असेल तर काम देऊन जपा. दिव्याखाली सजवून उपाशी मारू नका!

परवा साक्षीबाई न सांगता आल्या. पोत्यावर बसून राहिल्या, माझ्यातून तेल उतरेपर्यंत. वीरेश चाचरत म्हणाला, "मॅडम, आता लिहाल ना आमच्याबद्दल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी खाऊन बघते."

एकच बाटली विकत घेऊन त्या गेल्या. बाटलीवर माझा फोटो नव्हता. आत मात्र माझं तेल होतं.